कमरेला पिस्तूल, खिशात परमिट: अमेरिकेतल्या ‘कन्सील्ड कॅरी’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डलासमधल्या मित्राने पिस्तूल घेतलं, एडिसनमध्ये दागिन्यांसाठी शेजाऱ्यांचं घर फुटलं, पुण्याहून आलेल्या आईने मॉलच्या दारावर बंदुकीवर फुली मारलेली पाटी पाहिली. अशा प्रत्येक प्रसंगानंतर तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून एकदाच सगळे इथे लिहून ठेवले. मी वकील नाही. अटकेची किंवा व्हिसाची भीती असेल तिथे फी भरून वकिलालाच विचारा.

१. कन्सील्ड कॅरी म्हणजे नेमकं काय? घरात बंदूक असणं आणि हे एकच का?

एकच नाही. भरलेलं पिस्तूल कपड्यांखाली किंवा पर्समध्ये, दुसऱ्याला दिसणार नाही असं घेऊन चारचौघांत फिरणं म्हणजे कन्सील्ड कॅरी. कमरेच्या होल्स्टरमध्ये उघड दिसेल असं लावलं, तर ती ओपन कॅरी, आणि तिचे नियम वेगळे. खरेदीची परवानगी ही तिसरीच गोष्ट. न्यू जर्सीत हँडगन विकत घ्यायला वेगळं परमिट लागतं, इलिनॉयमध्ये ‘फॉइड’ कार्ड, म्हणजे बंदूकमालकाचं ओळखपत्र, लागतं. ही कागदपत्रं असली म्हणून पिस्तूल खिशात घालून बाजारात जाता येत नाही. पहिली चूक बहुतेकांची इथेच होते.

२. बंदूक बाळगणं संविधानातला हक्क आहे ना? मग परमिट कशाला?

दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची, एका वाक्याची, आणि त्या वाक्यातल्या स्वल्पविरामांवरून आजही भांडणं होतात. हा हक्क मिलिशियाचा (नागरिकांच्या सैन्यदलाचा) नसून व्यक्तीचा आहे, हे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं ते थेट २००८ साली, हेलर खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी. तो खटला घरातल्या पिस्तुलाचा होता. २०१० च्या मॅकडॉनल्ड निकालाने हाच हक्क राज्यांवरही बंधनकारक झाला. घराबाहेरचा प्रश्न सुटायला २०२२ उजाडलं (प्रश्न ४ पाहा). पण हेलरच्याच निकालपत्रात हा हक्क अमर्याद नसल्याचं लिहिलेलं आहे. परमिट पूर्णपणे घटनाबाह्य आहे असं सुप्रीम कोर्टाने अजून कधीही म्हटलेलं नाही.

३. ‘मे-इश्यू’, ‘शॅल-इश्यू’, ‘परमिटलेस’: सोप्या भाषेत सांगाल का?

पहिला प्रकार आपल्याला अमेरिकन माणसापेक्षा लवकर कळतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मागायला गेलात, तर कारण पटवून द्यावं लागतं, आणि ते पटलं की नाही हे पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरवतात. हेच ‘मे-इश्यू’: साहेबांना वाटलं तर. न्यूयॉर्कचा १९११ चा सुलिव्हन कायदा याच घराण्यातला.

‘शॅल-इश्यू’मध्ये अटी लिहिलेल्या असतात. गुन्ह्याची नोंद नाही, वय पुरं आहे, प्रशिक्षण झालं आहे, फी भरली आहे. मग परमिट द्यावंच लागतं. साहेबाच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही.

‘परमिटलेस’ म्हणजे कायद्याने बंदूक बाळगू शकणाऱ्या प्रौढ माणसाने ती कागदाशिवाय जवळ ठेवावी. समर्थक याला ‘कॉन्स्टिट्यूशनल कॅरी’ म्हणतात. नावातच अर्धा वाद जिंकायची ही जुनी युक्ती. व्हरमाँटमध्ये परमिट कधी नव्हतंच. २००३ मध्ये अलास्का आणि २०१० मध्ये ॲरिझोना त्या वाटेने गेले, मग रांगच लागली: टेक्सस सप्टेंबर २०२१, फ्लोरिडा जुलै २०२३, लुइझियाना जुलै २०२४. पन्नासपैकी एकोणतीस राज्यं तोवर परमिटलेस झाली होती.

४. ‘ब्रूएन’ निकाल म्हणून सगळे ज्याचा उल्लेख करतात, त्याने काय बदललं?

न्यूयॉर्कमध्ये कॅरी परमिटसाठी ‘सबळ कारण’ दाखवावं लागे. ‘मला माझ्या जिवाची काळजी आहे’ एवढं पुरत नसे. इतरांपेक्षा तुम्हाला वेगळा धोका का, हे सिद्ध करावं लागे. २३ जून २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही अट रद्द केली. घटनेने दिलेला हक्क वापरायला सरकारी कारकुनाला कारण पटवून द्यावं लागत नाही, हा त्यातला मूळ युक्तिवाद. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई इथल्या तसल्याच अटीही त्याबरोबर कोलमडल्या. म्हणजे मराठी मंडळी दाटीने राहतात ती बरीच राज्यं यात आली.

याहून मोठा बदल कसोटीचा. बंदुकीचा कोणताही निर्बंध आता ‘लोकांच्या सुरक्षेसाठी गरजेचा’ म्हणून टिकत नाही. देशाच्या इतिहासात तशा निर्बंधांची परंपरा होती हे सरकारला दाखवावं लागतं. परिणामी टाइम्स स्क्वेअरमध्ये पिस्तूल चालेल का, हे ठरवताना वकील जुन्या जत्रा-बाजारांचे नियम धुंडाळू लागले. खालच्या कोर्टांत यावरून इतका गोंधळ झाला की जून २०२४ मध्ये रहीमी खटल्यात सुप्रीम कोर्टाला खुलासा करावा लागला: हुबेहूब जुना कायदा सापडायलाच हवा असं नाही, तत्त्व जुळलं तरी पुरे. घरगुती हिंसाचाराचा मनाई हुकूम असलेल्या माणसाकडून बंदूक काढून घेणं त्यात आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरलं. एकटे विरोधात होते ते न्यायमूर्ती थॉमस, म्हणजे ब्रूएनचं निकालपत्र लिहिणारेच.

५. मग आता न्यूयॉर्क-न्यू जर्सीत परमिट सहज मिळतं का?

मिळतं, पण सहज म्हणणार नाही. ब्रूएननंतर आठवडाभरात न्यूयॉर्कने नवा कायदा आणला: सोळा तास वर्ग, दोन तास प्रत्यक्ष गोळीबाराचं प्रशिक्षण, चारित्र्याची ग्वाही देणारी चार माणसं, आणि बंदूक नेता येणार नाही अशा ‘संवेदनशील जागां’ची लांबलचक यादी. टाइम्स स्क्वेअर त्यात आहेच. न्यू जर्सीने डिसेंबर २०२२ मध्ये फी वाढवून २०० डॉलर केली आणि विम्याची अट घातली. ती अट कोर्टात अडकली. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये सोळा तासांचं प्रशिक्षण आणि किमान वय २१ केलं.

टीकाकार म्हणतात, दार उघडा असं कोर्टाने सांगितलं तर यांनी उंबरठाच चार फूट केला. मला अर्धं पटतं. दोन तास गोळीबार शिकणं ही जाचक अट नाही. निशाण्यावर पहिली गोळी झाडून झाल्यावर माझे हात किती वेळ थरथरत होते ते मला आठवतं. पण एका माणसाच्या परमिटसाठी इतर चौघांनी पोलिसांसमोर उभं राहायचं, ही अट नव्या स्थलांतरितावर जास्त जड पडते. आपल्यातल्या किती जणांकडे असे चार लोक असतील, ते मोजून बघा.

६. सध्या वाद आहे तो नक्की कोणत्या बदलांवर?

‘परमिट हवं की नको’ असं विचारलं की चर्चा तिथेच बसते. परमिट हा एक कागद असला तरी तो चार कामं करतो: पार्श्वभूमी तपासतो, किमान प्रशिक्षण लावतो, कोणाला नाही म्हणायचं याचा अधिकार कुणाच्या तरी हाती देतो, आणि दुसऱ्या राज्यात ओळखपत्र ठरतो. कोणतंही विधेयक समोर आलं की यातलं कोणतं काम जातंय आणि कोणतं वाढतंय, एवढं बघावं. माझं मत आधीच सांगतो: तिसरं काम गेलं ते बरं झालं, दुसरं जाऊ नये.

नॉर्थ कॅरोलायनात २०२५ मध्ये अठरा वर्षांवरच्यांना विनापरमिट कॅरीची मुभा देणारं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं, आणि गव्हर्नर जॉश स्टाइन यांनी २० जूनला त्यावर व्हेटो वापरला. त्यात पहिली दोन्ही कामं जात होती, तीही अठरा वर्षांच्या मुलांसाठी. त्याच राज्याने २०२३ मध्ये हँडगन खरेदीचं परमिट आधीच काढून टाकलं होतं, हे विरोधक तेव्हा आवर्जून सांगत होते.

हवाईतला वाद वेगळ्या धाटणीचा. दुकान, हॉटेल अशा लोकांसाठी खुल्या खासगी जागेत मालकाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय बंदूक नेता येणार नाही, असा तिथला कायदा. बहुतेक राज्यांत उलट असतं: मालकाने नको म्हटलं नाही तर चालतं. न्यूयॉर्कचा असाच नियम एका अपील कोर्टाने फेटाळला, हवाईचा दुसऱ्याने उचलून धरला, म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो सुनावणीला घेतला. परमिटला हात न लावता परमिट निरुपयोगी करता येतं, हे या वादाचं मर्म. देशव्यापी विधेयकाबद्दल पुढचा प्रश्न पाहा.

७. ड्रायव्हिंग लायसन्स सगळ्या राज्यांत चालतं, मग गन परमिट का नाही?

हाच प्रश्न अमेरिकन संसदेतल्या एच.आर. ३८ या विधेयकाचा पाया आहे. एका राज्यात कॅरी करू शकणाऱ्याला, कॅरीला मुभा देणाऱ्या इतर राज्यांतही ती करता यावी, अशी त्याची मागणी. डिसेंबर २०१७ मध्ये ते हाउसमध्ये (खालच्या सभागृहात) २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर झालं आणि सिनेटमध्ये विरलं. जानेवारी २०२५ मध्ये खासदार रिचर्ड हडसन यांनी ते पुन्हा मांडलं, मार्चमध्ये समितीतून पुढे सरकलं. खरी अडचण सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायला लागणाऱ्या साठ मतांची.

बाजूने बोलणारे एक हकिकत सांगतात, आणि ती ऐकून विरोधकही गप्प होतात. २०१३ मध्ये फिलाडेल्फियातली दोन मुलांची आई, पेनसिल्व्हेनियाचं परमिट असलेली, गाडीने न्यू जर्सीत शिरली. पोलिसाने थांबवल्यावर तिने स्वतःहून सांगितलं की पिस्तूल आहे, परमिटही आहे. ते परमिट न्यू जर्सीत चालत नव्हतं. किमान तीन वर्षं तुरुंगाची टांगती तलवार आली. शेवटी २०१५ मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर क्रिस्टी यांनी माफी दिली. पुलाच्या एका टोकाला कायदा पाळणारी बाई, दुसऱ्या टोकाला आरोपी.

तरीही लायसन्सची उपमा लंगडी आहे. गाडीची परीक्षा पन्नासही राज्यांत द्यावी लागते. बंदुकीची एकोणतीस राज्यांत शून्य. त्यामुळे हे विधेयक मंजूर झालं, तर न्यूयॉर्कने स्वतःच्या रहिवाशाकडून अठरा तास करून घ्यायचे आणि ज्या राज्यात एकही तास लागत नाही तिथल्या पाहुण्याला ओळखपत्रावर सोडायचं. एरवी राज्यांच्या हक्कांसाठी घसा कोरडा करणारा रिपब्लिकन पक्ष इथे केंद्राच्या बाजूने आणि एरवी केंद्राकडे बघणारा डेमोक्रॅटिक पक्ष राज्यांच्या बाजूने, हा विनोद दोघांच्याही लक्षात येत नाही. किमान प्रशिक्षणाची अट घालून परस्पर मान्यता द्यावी, ही मधली वाट मला रास्त वाटते. दोन्ही बाजूंना ती नकोशी आहे.

८. आमच्या राज्यात परमिट लागतच नाही. तरी काढावं का?

काढा. कारण शाळा. केंद्रीय कायद्यानुसार शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत सार्वजनिक रस्त्यावर भरलेलं पिस्तूल बाळगणं गुन्हा आहे, आणि त्या राज्याचं परमिट असलेल्याला त्यातून सूट आहे. परमिटलेस राज्यातल्या विनापरमिट माणसाला ही सूट सहज मिळत नाही. कुठलंही शहर नकाशावर घ्या, प्रत्येक शाळेभोवती हजार फुटांचं वर्तुळ काढा. शाळेसमोरून गाडी न नेता किराणा आणता येतो का बघा. यावर खटले क्वचित होतात, पण कायदा पुस्तकात आहे. शिवाय दुसरी राज्यं मान्यता देतात ती कागदाला. टेक्सससारख्या काही राज्यांत परमिटधारकाला नवी बंदूक घेताना दुकानातली तपासणीही पुन्हा लागत नाही.

९. मी एच-१बीवर आहे. मला परमिट मिळेल का? ग्रीन कार्डवाल्यांचं काय?

सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात धोक्याचा प्रश्न हाच. ग्रीन कार्ड असेल तर केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. राज्याचे नियम बघायचे. पण एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर बंदूक किंवा काडतूस ताब्यात असणं हाच केंद्रीय गुन्हा. राज्य परमिटलेस असलं तरीही. २०२२ पासून कमाल शिक्षा पंधरा वर्षं. काही अपवाद आहेत, त्यातला रोजच्या आयुष्यात लागू पडणारा एकच: कोणत्याही राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स.

‘फक्त नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची बंदूक चालवली’ ही सबब चालत नाही. हातात घेतली की ताबा आला. यूएईहून फ्लोरिडात शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याला कॉलेजने काढलं, व्हिसाचा आधार गेला, आणि तो रेंजवर नेम धरायला गेला. प्रकरण २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचलं. आपल्याला बंदी लागू आहे हे त्याला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं, असं कोर्ट म्हणालं. हे उत्तर वाचल्यावर ती पळवाट तुम्हाला उरलेली नाही, हे लक्षात घ्या. ऑफिसच्या टीमबरोबर रेंजवर जायचं ठरलं, तर बाकीच्यांचा नेम बघा आणि हॉटडॉग खा.

नवरा सिटिझन, बायको एच-४ असलेल्या घरांतही हा प्रश्न येतो. तिजोरीची किल्ली किंवा कोड एकाच्याच हाती असलेला बरा.

१०. शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन आमचा गणेशोत्सव होतो. परमिटधारक सभासद पिस्तूल घेऊन येऊ शकतो का?

शाळेच्या इमारतीत बहुतेक राज्यांत नाही, परमिट असलं तरी, रविवार असला तरी. गाडीत कुलूपबंद ठेवण्याबद्दलही राज्याराज्यांत फरक.

कार्यक्रम देवळात किंवा भाड्याच्या हॉलमध्ये असेल तर उत्तर बदलतं. टेक्ससमध्ये मालकाने ठरलेल्या शब्दांची, दोन भाषांतली पाटी लावली की आत नेणं गुन्हा होतो. तिथे कायद्याच्या कलम ३०.०६ वरून ‘थर्टी ओ सिक्स’ म्हणतात ती हीच. पाटी नसेल तर देऊळ इतर जागांसारखंच. न्यूयॉर्कने प्रार्थनास्थळं आधी पूर्ण बंद केली होती, पुढे तिथली सुरक्षा सांभाळणाऱ्यांना मुभा दिली. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार होऊन माणसं गेली, त्यानंतर ही मागणी निव्वळ हौसेची म्हणता येत नाही. मंडळाच्या कार्यकारिणीने हे आरतीच्या रांगेत नव्हे, आधीच्या बैठकीत ठरवावं, आणि हॉलचा करार वाचावा.

केंद्रीय कार्यालयांत परमिटधारकांनाही बंदूक नेता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून त्या राज्याचा नियम चालतो, पण तिथल्या व्हिजिटर सेंटरच्या इमारतीत नाही.

११. जास्त लोकांकडे परमिट असली की गुन्हे कमी होतात की वाढतात?

१९९७ मध्ये जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड यांनी आकडेमोड करून सांगितलं की शॅल-इश्यू कायद्यांनी हिंसक गुन्हे घटतात. २००४ मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने तीच माहिती तपासून म्हटलं, यातून घटतात की वाढतात हे सांगता येत नाही. २०१९ मध्ये जॉन डोनह्यू आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष आला: असा कायदा आल्यावर दहा वर्षांनी त्या राज्यात हिंसक गुन्हे एरवी असते त्यापेक्षा १३ ते १५ टक्के जास्त. गाड्यांमधून चोरीला जाणारी पिस्तुलं हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. आज संशोधनाचं पारडं ‘वाढतात’कडे झुकलेलं आहे, आणि मीही तिकडेच.

पण वाद आकड्यांवर नाही, प्रसंगांवर लढला जातो. डिसेंबर २०१९, टेक्ससमधलं व्हाइट सेटलमेंट: चर्चमध्ये दोघांना मारणाऱ्याला तिथल्याच स्वयंसेवकाने काही सेकंदांत टिपलं. जुलै २०२२, इंडियानातला ग्रीनवुड मॉल: बावीस वर्षांच्या तरुणाने हल्लेखोराला थांबवलं, राज्य परमिटलेस होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, आणि मॉलमध्ये खरं तर बंदुकीला मनाई होती. आता जून २०२१, कोलोरॅडोतलं अर्वाडा: पोलिसाच्या मारेकऱ्याला एका सामान्य माणसाने गोळी घातली, आणि मागून आलेल्या पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून ठार केलं. तिन्ही खरे. विधेयकावरच्या सुनावणीत जो तो आपल्याला हवा तोच सांगतो.

या सगळ्यात एक आकडा मागे पडतो. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं गेली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. कॅरी परमिटवरच्या वादात त्यांचं नावही निघत नाही.

१२. परमिट आहे, पिस्तूल जवळ आहे, आणि पोलिसांनी गाडी थांबवली. आधी सांगायचं का?

नॉर्थ कॅरोलायनात परमिटधारकाने स्वतःहून सांगणं बंधनकारक. ओहायोत २०२२ पासून विचारल्यावर सांगितलं तरी चालतं. टेक्ससमध्ये ओळखपत्र मागितलं की लायसन्सबरोबर परमिटही पुढे करायचं. कायदा काहीही असो, हात स्टिअरिंगवर ठेवा. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या कृष्णवर्णीय माणसाने शांतपणे सांगितलं होतं की माझ्याकडे बंदूक आहे, परमिटही होतं. पोलिसाने गोळ्या झाडल्या आणि पुढे तो निर्दोष सुटला. ‘परमिट असलं की सुरक्षित’ हे सगळ्यांच्या बाबतीत सारखं खरं नाही, आणि आपल्या कातडीचा रंग बघता हे आपण विसरू नये.

१३. माझं परमिट चालत नाही अशा राज्यातून नुसतं पार व्हायचं असेल तर?

१९८६ च्या केंद्रीय कायद्याने वाट दिली आहे: निघता त्या आणि पोहोचता त्या दोन्ही ठिकाणी बंदूक कायदेशीर हवी, ती रिकामी हवी, आणि काडतुसांसकट हाताला लागणार नाही अशी, म्हणजे डिकीत, कुलपात. वाटेत नातेवाइकांकडे मुक्काम केला, की ‘पार होणं’ संपलं असा अर्थ लावला जाऊ शकतो. प्रश्न ७ मधल्या बाईचं पिस्तूल पर्समध्ये होतं.

१४. गांजा आमच्या राज्यात कायदेशीर आहे. परमिटवर परिणाम होतो का?

होतो. केंद्राच्या लेखी तो अजून बेकायदाच, आणि खरेदीच्या केंद्रीय फॉर्मवर हा प्रश्न सरळ विचारलेला आहे. तिथे खोटं लिहिणं हा आणखी एक गुन्हा.

१५. माझं परमिट भारतात दाखवलं तर काही उपयोग होतो का?

काडीचा नाही. आणि धोका पिस्तुलाचा नसतो, ते कुणी विसरत नाही. धोका असतो बॅगेच्या कप्प्यात राहिलेल्या एका काडतुसाचा. रेंजला नेलेलीच बॅग घेऊन मुंबईला जायचं, अमेरिकेत ते तपासणीतून सुटायचं आणि परतीच्या वेळी भारतातल्या विमानतळावर एक्सरेत दिसायचं: अशा प्रकरणांत परदेशी पासपोर्टवाल्यांनाही अटक झालेली आहे. शस्त्र कायद्याखाली एका जिवंत काडतुसालाही परवाना लागतो. ताबा ‘जाणीवपूर्वक’ असावा लागतो, हे तत्त्व भारताच्या सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात मांडलं, आणि त्या आधारे अशी प्रकरणं रद्द होतातही. पण तोवर विमान गेलेलं असतं, पासपोर्ट अडकलेला असतो आणि वकिलाची फी सुरू झालेली असते. रेंजची बॅग वेगळी ठेवा, आणि तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा: प्रवासासाठी नाही.